टीपी५३ की सीटीएनएनबी१? यकृताच्या गाठीचा रिपोर्ट वाचताना

मिरजेला उपचारासाठी येणाऱ्यांच्या फायलीत आता कधीकधी गाठीच्या जनुकांचा रिपोर्टही असतो. यकृताच्या मुख्य कॅन्सरमध्ये त्यात टीपी५३ आणि सीटीएनएनबी१ या दोन जनुकांची नावं वारंवार येतात.

टीपी५३ म्हणजे पेशीच्या वाढीवरचा लगाम. तो तुटला की गाठ सहसा जास्त आक्रमक असते, रक्तातलं एएफपी (यकृताच्या कॅन्सरमध्ये तपासलं जाणारं प्रथिन) चढलेलं असतं, आणि ऑपरेशननंतरही सरासरी आयुर्मान कमी भरतं. यातला २४९व्या जागेवरचा ठरावीक बदल अफ्लाटॉक्सिनशी, म्हणजे बुरशी लागलेल्या शेंगदाण्या-मक्यातल्या विषाशी जोडलेला आहे. सोबत हिपॅटायटीस बी असेल तर यकृताच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो. आपल्या सांगली-साताऱ्याकडं भाजी-आमटीत रोज दाण्याचं कूट पडतं. काळपट, खवट दाणे निवडून टाकाच.

सीटीएनएनबी१ बदललेल्या गाठी बहुधा सावकाश वाढतात, त्यांच्या पेशीही निरोगी यकृतासारख्या दिसतात. दोन्हींत हा बरा.

तरी माझ्या मते गाठींची संख्या, रक्तवाहिनीतला शिरकाव आणि उरलेल्या यकृताची ताकद आधी बघावी. टीपी५३ लिहिलंय म्हणून उपचार सोडू नका. पहिलं औषध अजून या जनुकांवरून ठरत नाही.