वायर की पॅड : नागपुरातल्या नऊ महिन्यांचा वापर

आधी सामान सांगतो. क्यूआय-२ (वायरलेस चार्जिंगचं नवं, चुंबकी मानक) चालणारा एक फोन, त्यासाठी १५ वॅटचं चुंबकी पॅड आणि ३० वॅटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीवरची फास्ट चार्जिंगची सर्वमान्य पद्धत) अडॅप्टर. त्याच घरात ८० वॅटच्या वायर चार्जिंगचा दुसरा फोन, ज्यात वायरलेसची सोयच नाही. ऑक्टोबर ते जून सलग वापर झाला, म्हणजे डिसेंबरची थंडी, अख्खा उन्हाळा, नवतपा (मेअखेरचे सगळ्यात कडक नऊ दिवस) आणि मृगाची पहिली सर, सगळं त्यात आलं.

पोर्ट चांगलं की वायरलेस, यावर लोक तासन्‌तास भांडतात. नागपुरात या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडर देतं. ऑक्टोबर ते होळी पॅड बिनधास्त वापरा. होळी झाली की पॅड कपाटात आणि मृग लागेपर्यंत वायर. पाऊस सुरू झाला की पुन्हा पॅड. असं का, ते समजलं तर खरेदीत पैसे वाया जात नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

वायरलेसच्या विरोधात पहिला मुद्दा नेहमी विजेचा काढतात. तो हिशेब करून बघू. ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. चांगल्या वायरने ती भरायला भिंतीतून २१-२२ वॅट-तास लागतात, नीट जुळलेल्या पॅडवर २७ ते २९. रोज एक पूर्ण चार्ज धरला तरी वर्षाचा फरक तीन युनिटांच्या आतच राहतो. बिलात तो दिसणारही नाही. खरा प्रश्न वेगळा आहे : ते जास्तीचे सहा-सात वॅट-तास जातात कुठे? सगळे उष्णतेत जातात, आणि त्यातला बराच वाटा फोनच्या पाठीत, बॅटरीला अगदी चिकटून तयार होतो.

पॅडमधल्या गुंडाळीतून वेगाने दिशा बदलणारा प्रवाह सोडलेला असतो. जुन्या क्यूआयमध्ये सेकंदाला एक ते दोन लाख वेळा, क्यूआय-२ च्या चुंबकी पद्धतीत ३६० किलोहर्ट्‌झला. त्याने फोनमधल्या गुंडाळीत वीज उत्पन्न होते आणि ती एकदिश करून बॅटरीला दिली जाते. दोन्ही गुंडाळ्या तापतात, एकदिश करणारी चिप तापते, आसपासचा धातूही तापतो. गुंडाळ्या एकमेकींपासून चार-पाच मिलिमीटर जरी सरकल्या तरी नुकसान झपाट्याने वाढतं. चुंबकाचं खरं काम इथे आहे. बिनचुंबकाच्या पॅडवर रात्री ठेवलेला फोन व्हायब्रेशनने सरकतो आणि सकाळी ४० टक्क्यांवर, वर पाठ गरम, असा हाती येतो.

आता यात नागपूरचा मे मिसळा. बाहेर ४५ अंश, कूलर चालू असूनही खोलीत ३३-३५. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात. अशा खोलीत पॅडवर ठेवलेला फोन आधी १५ वॅटवरून खाली येतो, मग ८० टक्क्यांच्या आसपास थांबतो आणि ‘चार्जिंग थांबवले आहे’ असा संदेश दाखवतो. पॅड बिघडलं समजून लोक ते दुकानात परत न्यायला निघतात. नेण्याआधी एक चाचणी करा. तेच पॅड पहाटे पाच वाजता, कव्हर काढून लावा. फोन पुढे सरकला तर पॅड ठणठणीत आहे, फोन फक्त बॅटरी वाचवतोय. आणि ते त्याने करायलाच हवं, कारण लिथियम-आयन बॅटरीला गरम असताना काठोकाठ भरणं सगळ्यात जास्त मारतं.

डिसेंबर-जानेवारीत हेच पॅड सुरेख चाललं. रात्री पारा १०-१२ वर असताना १५ वॅट टिकून राहायचे आणि रिकामा फोन सव्वादोन तासांत भरायचा. एप्रिलच्या शेवटी त्याच कामाला चार तासांच्या वर लागले. पॅड तेच, अडॅप्टर तोच, फक्त हवा बदलली.

उन्हाळ्यातही पॅडच वापरायचं असेल तर ते गादीवर, सोफ्यावर, उशीजवळ ठेवू नका. फरशीवर किंवा दगडी ओट्यावर ठेवा, खालची उष्णता दगड ओढून घेतो. पंख्याची हवा लागू द्या. कूलरच्या थेट झोतात मात्र नको. कूलर बारीक तुषार फेकतो, आणि पाणी बोअरचं असेल तर त्यातला क्षार पांढऱ्या भुकटीसारखा सगळीकडे बसतो, फोनच्या पोर्टातसुद्धा. झोतापासून थोडं बाजूला, एवढं पुरतं. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर मार्चमध्येच लावून टाका.

गाडीत तर नकोच. काचेवर चुंबकी चार्जर, फोनवर नकाशा चालू, वरून दुपारचं ऊन, याहून वाईट जागा नाही. एसीच्या जाळीवर लावायचा स्टँड मिळतो, तो घ्या.

वायरही तापवतेच. पण ८० वॅटच्या पद्धतीत व्होल्टेज उतरवण्याचं मोठं काम अडॅप्टरकडे ढकललेलं असतं, म्हणून वीट (म्हणजे अडॅप्टर) चटका देते आणि फोन त्या मानाने बरा राहतो. शिवाय खेळ अर्ध्या-पाऊण तासाचा. रात्रभर लावायचा असेल तर ८० वॅटची वीट वापरूच नका. जुना १० वॅटचा अडॅप्टर काढा. उन्हाळ्यात दुसऱ्या फोनचं रात्रीचं चार्जिंग पूर्ण त्याच्यावर झालं आणि सकाळी फोन थंड असायचा.

आता पोर्टाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

टाइप-सी पोर्ट १०,००० वेळा लावण्या-काढण्यासाठी बनवलेलं असतं. रोज तीनदा वापरलं तरी नऊ वर्षं झाली. म्हणजे झीज हे पोर्ट मरण्याचं कारण क्वचितच असतं. मारतात त्या तीन गोष्टी : ठासलेली धूळ, आडवा दाब आणि ओल.

धूळ आपल्याकडे मुबलक. सिमेंट रस्त्यांची बारीक पूड आणि खिशातलं सूत एकत्र होऊन पोर्टाच्या तळाशी जातं, आणि दर वेळी केबल आत शिरताना ते आणखी ठासून बसवते. काही महिन्यांत त्याची नमद्यासारखी घट्ट गादी होते. मग केबल ‘खट्’ करून बसत नाही, अर्धा-एक मिलिमीटर बाहेर राहते, जरा हलली की चार्जिंग तुटतं. लोक केबल बदलतात, मग अडॅप्टर बदलतात, शेवटी दुरुस्तीला देतात. पॅड वापरल्याने धूळ आत जायची थांबत नाही, पण तिला ठासणारं कोणी उरत नाही. माझ्या मते पॅडचा हाच सगळ्यात मोठा फायदा आहे, आणि जाहिरातीत तो कधी सांगत नाहीत.

सफाई घरी होते. फोन पूर्ण बंद करा. लाकडी टूथपिक घेऊन तिचं टोक ब्लेडने चपटं, कागदाइतकं पातळ करा. पोर्टाच्या मधोमध एक पट्टी असते, जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीची, तिच्या वरखाली मिळून २४ संपर्क असतात. त्या पट्टीला हात लावायचा नाही. टूथपिक पट्टी आणि बाहेरच्या भिंतीच्या मधल्या फटीतून तळापर्यंत न्या आणि खरवडत नाही, तर उचलत बाहेर ओढा. वरची बाजू, खालची बाजू, मग दोन्ही कोपरे. कोपऱ्यात सगळ्यात जास्त निघतं. सेफ्टी पिन, सुई, ब्लाउजपिन कधीच नको : सोन्याचा मुलामा खरवडला की तिथे गंज धरतो, आणि वाकलेला संपर्क सरळ होत नाही. तोंडाने फुंकू नका, थुंकीची वाफ आत जाते. हिरवट किंवा काळपट डाग दिसला तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने लावून पूर्ण वाळू द्या.

सफाईनंतरही त्रास असेल तर लक्षणांवरून निदान होतं. केबल एका बाजूने चालते, उलटी केली की चालत नाही : ओळख पटवणारे सीसी संपर्क दोन असतात, त्यातला एक गेला किंवा मळला. चार्जिंग होतं पण फास्ट होत नाही : दुसरी केबल लावून बघा, पुष्कळदा दोष केबलचा असतो. ८० वॅटसारखा वेग कंपनीच्या स्वतःच्या केबलवरच मिळतो, आणि पीडीमध्येही ३ अँपिअरच्या वर जायला केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने ट्रिमर किंवा दिवा चार्ज होत नाही, जुन्या चौकोनी टोकाच्या केबलने होतो : त्या वस्तूत ५.१ किलोओमचे दोन रोधक बसवलेलेच नाहीत, त्यामुळे चार्जर वीज सोडत नाही. चार्जरला दोष देऊ नका.

आडवा दाब म्हणजे पडल्या पडल्या फोन छातीवर टेकवून चार्जिंगला लावून बघत बसणं. केबलचं टोक तरफेसारखं काम करतं आणि पट्टी मुळातून हलते. नव्वद अंशांत वळलेल्या टोकाची केबल यावर चांगला उपाय.

ओल हा जून ते सप्टेंबरचा विषय. ओल्या पोर्टात वीज आली की पाण्यातून संपर्कांवर गंज चढतो, तो काही मिनिटांतही सुरू होतो. म्हणून फोन इशारा देतो तो ‘तरीही चालू ठेवा’ करून उडवू नका. पोर्ट खाली धरून तळहातावर हलकेच आपटा, अर्धा तास पंख्याखाली ठेवा, इशारा कायम राहिला तर आणखी थांबा. पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, कण आत जातात. कापसाची काडीही नको. अशा वेळी पॅड असेल तर फोनची पाठ कोरडी पुसून सरळ पॅडवर ठेवता येतो. भर पावसात गाडीवरून घरी आल्यावर याची किंमत कळते.

दुरुस्ती करायची वेळ आलीच तर बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाण्याआधी एवढं माहीत असू द्या. पुष्कळ फोनमध्ये पोर्ट मुख्य बोर्डावर नसतं, खालच्या छोट्या पट्टीवर असतं. दुकानदार तिला ‘सीसी बोर्ड’ म्हणतात, वरच्या सीसी संपर्कांशी या नावाचा संबंध नाही. ती बदलणं सोपं आणि स्वस्त. पण नकली पट्टीवर फास्ट चार्जिंगचे भाग गाळलेले असतात : फोन चार्ज होतो, वेग गेलेला असतो. पैसे देण्याआधी दुकानातच आपली वीट आणि आपली केबल लावून फास्ट चार्जिंगची खूण बघा. मग एक फोन लावून बोला, कारण माइक बहुधा त्याच पट्टीवर असतो. आणि एकदा फोन उघडला की पाण्यापासूनचं सील पहिल्यासारखं राहिलं असं धरू नका.

पॅड घेताना ‘१५ वॅट’ या शब्दावर जाऊ नका, कोणत्या फोनला १५ ते विचारा. जुन्या साध्या क्यूआय पॅडवर आयफोन ७.५ वॅटच घ्यायचे. क्यूआय-२ ने हा घोळ बऱ्यापैकी मिटवला. अडॅप्टर किमान २० वॅटचा पीडी हवा. ड्रॉवरमधला ५ व्होल्ट, २ अँपिअरचा लावला तर पॅड ५ वॅटवर रांगतं. आता २५ वॅटचं क्यूआय-२ ही आलं आहे, पण इथल्या उन्हाळ्यात १५ टिकत नाहीत, तिथे २५ साठी जास्तीचे पैसे मी मोजणार नाही.

कव्हर ३ मिलिमीटरपेक्षा जाड नको, पाठीवर धातूची रिंग नको. कव्हरमागे कार्ड ठेवत असाल तर पॅडवर ठेवण्याआधी काढा. एटीएम कार्डाची काळी पट्टी आणि मेट्रोच्या महाकार्डातली चिप, दोन्हींना त्यापासून धोका आहे. वायरलेस नसलेल्या फोनला चिकटवायच्या रिसिव्हर पट्ट्या मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. जेमतेम ५ वॅट, आणि त्यांचं शेपूट पोर्टात कायम अडकलेलं.

लाईट गेल्यावर मात्र वायरच. चुंबकी पॉवर बँक सोयीची दिसते, पण ५,००० एमएएचच्या बँकेतून फोनपर्यंत निम्म्याहून थोडं जास्त पोचतं. साठा मोजका असताना वाया घालवायला काहीच नसतं.

पोर्टच काढून टाकायची कल्पना जुनी आहे. मेझू या चिनी कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये एकही भोक नसलेला फोन दाखवला, त्यासाठी लोकांकडून ठरलेली रक्कमही जमली नाही. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला टाइप-सी सक्तीचं झालं, आपल्या बीआयएसनेही (भारतीय मानक ब्युरो) जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचं मानक काढलं. पण युरोपचा नियम वायरने चार्ज होणाऱ्या फोनपुरता आहे. फक्त वायरलेसवर चालणारा फोन त्यातून सुटतो, म्हणजे वाट मोकळी आहे. ती कोणी धरू नये, असं मला मनापासून वाटतं. मे महिन्याच्या दुपारी पाच टक्के बॅटरी असलेला, पॅडवर तापून थांबलेला आणि पोर्ट नसलेला फोन इथे कोणाच्याच कामाचा नाही. पेनड्राइव्ह, वायरचा हेडफोन, बंद पडलेल्या फोनमध्ये सॉफ्टवेअर पुन्हा घालणं, ही पोर्टाची कामं वेगळीच.

जूनअखेरची स्थिती : पॅडची रबरी कड पांढऱ्याची मळकट झाली, चुंबकाची पकड पहिल्या दिवसासारखी. पहिल्या फोनच्या पोर्टात केबल अजून ‘खट्’ वाजते, उन्हाळ्यात वायर वापरूनही सफाई एकदाच लागली. दुसऱ्याच्या पोर्टातून तीनदा गादी काढावी लागली, शेवटची रोहिणी लागल्यावर. सध्या पहिला फोन रात्री पॅडवर, दुसरा १० वॅटच्या जुन्या अडॅप्टरवर.