रिकाम्या पोटी: थायरॉक्सिनचे आठ महिने

गोळी इवलीशी, चव जवळजवळ नाहीच, आणि रोजचा खर्च स्टेशनबाहेरच्या कटिंगपेक्षा कमी. एवढ्यावर मार्क द्यायचे तर पैकीच्या पैकी. जीव खातं ते तिच्या आगेमागचं घड्याळ.

आधीचं थोडक्यात सांगते. मला ग्रेव्हज होता, म्हणजे थायरॉइड बेलगाम सुटलेलं. बसल्या जागी छाती धडधडायची, हात इतका थरथरायचा की चेकवरची सही जुळेना. दीड वर्ष निओमर्कॅझोल, म्हणजे थायरॉइडला लगाम घालणारी गोळी, घेऊनही आटोक्यात येईना, म्हणून जानेवारीत परळला रेडिओआयोडीन घेतलं, म्हणजे थायरॉइडच्या पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन. 'एकट्याने झोपा, लहान मुलांपासून लांब राहा,' असं सांगून पाठवलं. भांडुपच्या वन रूम किचनमध्ये पाच माणसं! लेकीला ठाण्याला बहिणीकडे धाडली, बाकीचे तिघे किचनमध्ये दाटीवाटीने झोपले, आणि बाहेरची अख्खी खोली मला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

एप्रिलमध्ये लोकलमधल्या बायका घामाने निथळत होत्या आणि मी पंख्याखालची सीट सोडून उठत होते. आवाज जाड, पोटऱ्यांत गोळे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे होणारच होतं, रेडिओआयोडीनने थायरॉइड आता थंड पडलंय. त्याचं हार्मोन गोळीतून द्यायचं: थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅमवर सुरू, आणि आता जन्मभर.

मला वाटलं, चार दिवसांत तरतरी येईल. छे. हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे डोस अंगात स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. तोवर रक्तातलं टीएसएच (थायरॉक्सिन कमी पडलं की हे वाढतं, जास्त झालं की घटतं) तपासून उपयोग नाही.

गोळीनंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, पाण्याशिवाय काही नाही. आमच्याकडे सासूबाईंचा चहा साडेपाचला उकळतो. "अगं, दोन घोटांनी काय होतंय?" हे मी दोन महिने ऐकलं आणि पाच-सात वेळा बधलेसुद्धा. शेवटी पावणेपाचचा गजर लावला. उशाशी पाण्याचं भांडं, गोळी गिळायची, परत आडवं व्हायचं. कॅल्शियम मात्र मी मजेत नाश्त्याबरोबर घेत होते. दोघींत चार तासांचं अंतर हवं हे टीएसएच १८ आल्यावर कळलं. कॅल्शियम रात्री गेलं, डोस १०० झाला.

बाटली आधी गॅसशेजारच्या फळीवर असायची. जुलैत तिथे मीठसुद्धा पाणी सोडतं, म्हणून ती कपाटात हलवली.

खरी गंमत सप्टेंबरात झाली. रिपोर्टमध्ये टीएसएच ०.०३, टी फोर (म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन) वर! म्हणजे पुन्हा तोच जुना आजार? माझे हातपाय गळाले. पण नाडी ७२, वजन तसंच, बद्धकोष्ठ तसंच. बाईंनी रिपोर्ट बाजूला सारला आणि माझ्या भांगाकडे बघत विचारलं, "केसांसाठी काही घेताय?" घेत होते. केस मूठमूठ गळत होते म्हणून केमिस्टकडून बायोटिनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्या होत्या. व्हिटॅमिनच ते, त्यात सांगायचं काय! तर बायोटिनमुळे कित्येक लॅबच्या थायरॉइडच्या टेस्टच फसतात: टीएसएच खोटं कमी दिसतं, टी फोर खोटं जास्त. त्यांनी ते आठवडाभर बंद करायला लावलं, मग पुन्हा रक्त दिलं. टीएसएच ३.१. नुसता कागद बघून डोस कमी केला असता तर मी परत एप्रिलमध्ये गेले असते.

आता नीट काय झालं? पोटऱ्या. आवाज. दुपारी तीनला ऑफिसात डोळे मिटायचे, ते थांबलं. वजनाच्या बाबतीत मात्र गोळीला श्रेय देणार नाही: नऊ किलो वाढलं, तीनच उतरलं. आणि एकदा केमिस्टने "तेच आहे हो मॅडम" म्हणत दुसऱ्या कंपनीची बाटली पुढे केली, ती मी परत केली. कंपनी बदलली तर सहा-आठ आठवड्यांनी टेस्ट पुन्हा, आणि तेवढा धीर आता माझ्यात नाही.

केस अजून गळतातच, पण कमी. सासूबाई रविवारी खोबरेल तेल चोळतात आणि चहा आता पावणेसहाला टाकतात.