गणपती पेठेतलं 'विमानाचं पॅकिंग': पोरं परदेशात असतील तर एकदा जाऊनच या

सांगलीत मारुती चौकाकडनं गणपती पेठेत शिरलं की मसाल्याच्या दुकानांच्या ओळीत एक अरुंद गाळा आहे. नाव बिव काही नाही, वर नुसतं 'विमानाचे पॅकिंग करून मिळेल' एवढंच रंगवलंय. आईला अमेरिकेला दादाकडं पाठवायचं होतं म्हणून गेलो. पाचपैकी चार स्टार देतोय.

दुकान म्हणजे वजनकाटा, व्हॅक्युमचं मशीन, गुंडाळायचा प्लॅस्टिकचा रोल आणि काका. काका मुंबईला विमानतळाच्या कार्गोत कामाला होते, रिटायर होऊन गावाकडं आले. गेल्या गेल्या पहिला प्रश्न, "दुबई का अमेरिका?" माझ्या पुढं विट्याकडचे एक गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) होते, त्यांचा पोरगा दुबईत. काकांनी त्यांचा कांदा-लसूण मसाल्याचा डबा उघडला, वास घेतला आणि विचारलं, "खसखस घातलीय का?" घातली होती. तिकडं खसखस अमली पदार्थात धरतात, सापडली तर थेट पोलीस केस. डबा गपगुमान परत पिशवीत गेला.

मग आमची बॅग. हातातल्या पिशवीत आईनं देवाचं सगळं घेतलं होतं, त्यातनं कापूर निघाला, काडेपेटी निघाली आणि चंचीत अडकित्ता. कापूर आणि काडेपेटी घरीच ठेवा म्हणाले, आणि अडकित्ता मोठ्या बॅगेत. मोठ्या बॅगेत खोबऱ्याच्या वाट्या होत्या त्या पण बाहेर. ह्याचा बॉम्बशी काही संबंध नाही बरं का, सुक्या खोबऱ्यात तेल जास्त, ते तापून पेट घेऊ शकतं म्हणून चेक-इनमध्ये चालत नाही. आईचा पारा चढला. "मी काय अतिरेकी आहे का हो?"

इथं काकांचं वेगळेपण कळतं. नुसतं 'चालत नाही' म्हणून मोकळे होत नाहीत. "वहिनी, तुम्ही नाही, पण कुणीतरी होता ना," म्हणाले आणि सुरू झाले. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनहून अमेरिका-कॅनडाला जाणाऱ्या विमानांत कोल्ड्रिंकच्या बाटल्यांतनं स्फोटकं न्यायचा कट पकडला, तेव्हापासनं हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वर पातळ काही नाही. त्यात लोणचं आलं, तूप पण आलं. त्याच्या आधी डिसेंबर 2001 मध्ये एकजण पॅरिसहून मायामीच्या विमानात बुटात स्फोटकं घालून बसला, ती पेटवायच्या आत प्रवाशांनीच धरला, पण त्याच्यापायी अमेरिकेत लोकांनी वर्षानुवर्षं बूट काढले, तो नियम 2025 च्या जुलैत उठवला. आणि आपल्याकडं विमानतळावर सीआयएसएफ, म्हणजे केंद्राचं सुरक्षा दल, दिसतंय ते 24 डिसेंबर 1999 ला काठमांडूवरनं येणारं विमान कंदहारला पळवून नेलं त्याच्या नंतर.

पण काका खरे कडक होतात ते दुसऱ्याच्या पार्सलवर. आपल्याकडं कुणी परदेशी निघालं की अख्खी गल्ली 'एवढं आमच्या पोरीला द्या' म्हणून येते. आमच्या शेजारच्या काकूंनी पण कापडात शिवलेलं एक पार्सल दिलं होतं. काका म्हणाले, न उसवता मी हात लावणार नाही. उसवलं तर दोन साड्या आणि त्यांच्या घड्यांत गुंडाळलेला चकलीचा पितळी सोऱ्या! एक्स-रेमध्ये ते नळकांडं कसं दिसलं असतं तुम्हीच विचार करा. तेव्हा त्यांनी एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानाचं सांगितलं. 23 जून 1985, 329 माणसं गेली. खलिस्तानवाद्यांची बॉम्बची बॅग विमानात चढली आणि ज्याच्या नावावर ती होती तो माणूस चढलाच नाही. म्हणून आता प्रवासी आला नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात, विमान लेट झालं तरी चालेल. सोऱ्या मोठ्या बॅगेत अगदी वरती ठेवला, उघडली तर लगेच कळावं म्हणून. हे ऐकल्यावर आई पण गप्प झाली.

आता विमानतळाचं, नाव घेत नाही कुठल्या. आईच्या गुडघ्यात ऑपरेशनची वाटी आहे, मशीन वाजणारच. काकांनी डॉक्टरचं सर्टिफिकेट वरच्या कप्प्यात ठेवायला लावलं होतं, ते कुणी बघितलं पण नाही, बाईनं पडद्याआड नेऊन तपासलंच. त्याचं काही नाही, तपासा की बाबा, पण आई सांगत होती की एका रांगेत चार्जर बाहेर काढा म्हणत होते आणि शेजारच्या रांगेत राहू दे आत, आणि कुणी विचारलं की ओरडत होते. माझा राग तेवढ्यावरच आहे. पहलगामनंतर मे 2025 मध्ये शिडीपाशी परत एकदा तपासणी लावली, पुण्याला तर विमान चढताना-उतरताना खिडक्या बंद ठेवायला लावल्या कारण लोहगाव हवाई दलाचं, ते सगळं समजू शकतो, कोण कुठला माथेफिरू काय करेल सांगता येत नाही. पण नियम काय आहे ते सत्तरीतल्या बाईला नीट आवाजात सांगायला काय पैसे पडतात? ते काम शेवटी गणपती पेठेतल्या एका रिटायर माणसानं केलं.

एक स्टार कापला तो भडंगासाठी. काका जेवायला गेले होते तेव्हा त्यांच्या पोऱ्यानं भडंग पण व्हॅक्युमला लावलं, मशीननं हवा ओढली आणि भडंगाची वीट झाली राव! दादानं फोडून चमच्यानं खाल्लं म्हणे. लोणचं, मेतकूट, हळद, चटण्या ह्यांना व्हॅक्युम एक नंबर, लोणच्याचा एक थेंब सांडला नाही. चुरमुरे, चिवडा, चकली असलं काही असेल तर काका समोर असतानाच द्या.

कुलूप टीएसएवालंच घ्या, म्हणजे अमेरिकेतल्या विमानतळ तपासणीवाल्यांना त्यांच्या किल्लीनं उघडता येतं ते, तिथंच मिळतं. साधं असलं तर अमेरिकेत बॅग तपासायची झाली की तोडतात. आईची बॅग उघडली होतीच, आत तपासल्याची छापील चिठ्ठी निघाली, कुलूप मात्र धड होतं आणि सोऱ्या पण.

पैसे पाकिटाप्रमाणं घेतात, बॅग गुंडाळायचे वेगळे, महाग नाही. सकाळी लवकर गेलात तर गाडी लावायला जागा मिळेल, अकराच्या पुढं पेठेत टेम्पो घुसतात. दिवाळीच्या आधी तर फराळवाल्यांची रांग रस्त्यापर्यंत येते, तेव्हा निदान आठवडाभर आधी बॅग टाकून या.