दोन हेडचा डोसिंग पंप, आठ-नऊ महिने वापरल्यावर (ट्यूबबद्दल जरा जास्तच लिहिलंय)

पंप चालू आहे (डोसिंग पंप म्हणजे खाऱ्या पाण्याच्या कोरलच्या टाकीत रोज मापून द्रावण सोडणारा पंप; दोन हेड म्हणजे दोन द्रावणांसाठी दोन वेगळे भाग). हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कोणालाही वाटेल की मी तो कधीच फेकून दिला असणार. नाही, आत्ताही टाकीच्या मागे कुर्रकुर्र करतोय. पण त्याच्या आतल्या बोटभर लांबीच्या ट्यूबने यंदाच्या हिवाळ्यात मला जो ताप दिलाय तो लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

स्पेक्स तुम्हाला माहीतच असतील, दोन हेड, वायफाय, अ‍ॅप, शंभर डॉलरच्या आतला. ब्रँडचं नाव लिहीत नाही, या किमतीतले सगळे पंप आतून साधारण असेच असतात. माझी टाकी २० गॅलनची, दगड-वाळू वजा जाता खरं पाणी ६० लिटर धरा. दोन क्लाउनफिश, आणि कोरलमध्ये हॅमर, टॉर्च, मॉन्टीपोराच्या दोन प्लेटा आणि एक बर्ड्सनेस्ट, जे सगळ्यात नाटकी. राहतो न्यू जर्सीत. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: भारतात कडक कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणला स्नॉर्केलिंगला गेलात तर बघा आणि सोडून द्या, दगडासकट पिशवीत घालू नका.)

पंप घेतला तो भारतवारीसाठी. डिसेंबरात तीन आठवडे घरी जायचं तर कोरलला लागणारा सोडा आणि कॅल्शियम रोज हाताने कोण घालणार? शेजाऱ्याला मी फक्त बाष्पीभवनाचं पाणी भरायला सांगू शकतो, मापं सांगायला लागलो तर तो दारच उघडणार नाही. सप्टेंबरात पंप बसवला, दोन महिने नजर ठेवली, मग गेलो. परत आल्यावर बॅगा दारातच ठेवून आधी केएच (म्हणजे पाण्याची अल्कलिनिटी, डीकेएचमध्ये मोजतात) मोजला तर ८.१. जाताना ८.४ होता. मी इतका खूश झालो की तेव्हाच रिव्ह्यू लिहिला असता तर पाच स्टार नक्की होते. थांबलो ते बरं झालं.

जानेवारीच्या शेवटापासून केएच घसरायला लागला. ८.६, मग पुढच्या आठवड्यात ७.६, त्याच्या पुढच्या ६.५. अ‍ॅप मात्र रोज हिरवी टिक दाखवतंय, १८ मिली दिलं, १८ मिली दिलं. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, अरे कोरल वाढलं, मागणी वाढली, डोस वाढव. आणि ते पटण्यासारखं आहे, कारण कोरल खरंच वाढतं आणि वाढताना सांगाडा बांधायला पाण्यातली अल्कलिनिटी आणि कॅल्शियम दोन्ही खातं. पण पंधरा दिवसांत भूक एवढी वाढते? बर्ड्सनेस्ट तर उलट टोकांकडून फिकं पडत चाललं होतं, वाढणं सोडाच.

म्हणून एका शनिवारी टाकीतली नळी बाहेर काढून सिरिंजमध्ये सोडली आणि अ‍ॅपमधून १८ मिलीचा डोस मारला. साडेचौदा. परत मारला, परत साडेचौदा. पाचवा हिस्सा गायब, आणि अ‍ॅपला त्याचा पत्ताच नाही!

आता हे का होतं ते सांगतो. हा पंप पेरिस्टाल्टिक, म्हणजे रोलर फिरतात आणि मऊ ट्यूब चेपत चेपत पाणी पुढे ढकलतात. आतली मोटर साधी डीसी. ती मिली मोजत नाही, सेकंद मोजते, अमुक सेकंद फिरले म्हणजे अमुक मिली गेलं असं धरून चालते. ट्यूब नवी असते तेव्हा चेपली गेली की लगेच फुगते, जुनी झाली की थकते, पूर्ण फुगत नाही, त्यामुळे तेवढ्याच सेकंदांत कमी पाणी जातं. महागड्या पंपात स्टेपर मोटर असते, ती फेरे मोजते, पण ट्यूब तिथेही थकतेच, एवढं लक्षात ठेवा म्हणजे सेल्समनच्या गप्पांना भुलणार नाही.

माझ्या टाकीची भूक दिवसाला साधारण ०.८ डीकेएच. साडेचौदा मिलीने त्यातला ०.१५ रोज कमी पडतो. पंधरा दिवस गुणा, सव्वादोन डीकेएच. म्हणजे घसरण जवळजवळ सगळी ट्यूबच्या खात्यावर, कोरलच्या भुकेचा काही संबंध नाही. आणि गंमत म्हणजे कॅल्शियमचं हेडसुद्धा तेवढंच थकलेलं असतं तरी मला कळलं नसतं. १ डीकेएच खर्च होतो तेव्हा कॅल्शियम फक्त ७ पीपीएम जातं, म्हणजे पंधरा दिवसांत १५-१६ पीपीएमचा फरक, आणि माझ्या थेंबवाल्या किटवर ४३० आणि ४१५ सारखेच दिसतात. म्हणून छोट्या टाकीत आधी केएच मोजा, बाकीचं नंतर. केएचच्या किटमध्ये एका थेंबाला १ डीकेएच असेल तर ५ ऐवजी १० मिली पाणी घ्या, थेंब अर्ध्याचा होतो.

मग कंपनीशी पत्रव्यवहार. पहिलं उत्तर, नळीत हवा असेल, प्रायमिंग करा (म्हणजे पंप चालवून नळी भरून घ्या). केलं. दुसरं उत्तर, बाटली पंपाच्या लेव्हलला ठेवा. आधीपासून तिथेच आहे. तिसरं, व्हिडिओ पाठवा. पाठवला, सिरिंज, साडेचौदाची रेघ, सगळं स्पष्ट दिसतंय. मग आठवडाभर शांतता आणि नंतर उत्तर की ट्यूब ही झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही, नवं हेड २४ डॉलरला मिळेल, शिपिंग वेगळं. दोन हेडचे ४८! अहो, पंपच ऐंशीला घेतलाय मी. नुसती ट्यूब द्या म्हटलं तर म्हणे ट्यूब सुटी विकत नाही. आणि झिजणारी वस्तू आहे तर कधी झिजते ते मॅन्युअलमध्ये कुठे लिहिलंय? त्यात वायफायचा पासवर्ड कसा घालायचा यावर चार पानं आहेत, ट्यूबवर एक ओळ नाही.

कॅलिब्रेशन आहे ना अ‍ॅपमध्ये, असं म्हणणाऱ्यांसाठी: आहे. पंप १० मिली सोडतो, किती आलं ते तुम्ही भरायचं. पण ते पूर्णांकच घेतं. ९ किंवा १०. माझे ९.४ आले तर काय भरू? ९ भरलं तर जास्त जाणार, १० भरलं तर कमी. एवढ्या मोठ्या टीमने एवढं रंगीत अ‍ॅप बनवलं, त्यात टाकीचे फोटो टाकायची सोय आहे, मित्रांना शेअर करायची सोय आहे, पण दशांश चिन्ह नाही! मी ते आता वहीत करतो, पाहिजे तो आकडा गुणाकार करून डोसमध्येच वाढवून टाकतो.

केएच वर आणताना घाई केली नाही, रोज अर्धा डीकेएच. ६० लिटरला १ डीकेएच वाढवायला १.८ ग्रॅम खायचा सोडा लागतो, म्हणजे रोज ०.९ ग्रॅम. सोन्याचा काटा असतो तसला छोटा वजनकाटा घ्या, चमच्याने होत नाही. एवढा हिशोब करायचा कारण ६.५ वाईट आहेच पण ६.५ वरून एका दिवसात ९ त्याहून वाईट. ७ ते १० मध्ये कुठेही टाकी चालते, फक्त तिथेच राहिली पाहिजे.

सोड्याचं पाणी मी घरीच बनवतो, बाटलीतलं विकतचं नाही. रँडी होम्स-फार्ली या रसायनशास्त्रज्ञाची रेसिपी या हौसेतल्या सगळ्यांना माहीत असते: गॅलनभर आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात २९७ ग्रॅम खायचा सोडा, दुसऱ्या बाटलीत कॅल्शियम क्लोराइड. मी सोडा आधी ओव्हनमध्ये ३०० फॅरनहाइटला तासभर भाजतो (वजन भाजण्याआधीचं), त्याचा वॉशिंग सोडा होतो आणि पीएच वर जायला मदत होते. आमच्याकडे हिवाळ्यात खिडक्या बंद, हीटर चालू, चार माणसं श्वास सोडतायत, घरातला कार्बन डायऑक्साइड टाकीत विरघळतो आणि पहाटे पीएच ७.७५. बायकोला रात्री खिडकी उघडायला सांगून बघितलं, परत सांगणार नाही.

इथपर्यंतचं फेब्रुवारीत लिहून ठेवलं होतं, खाली दोन स्टार. पोस्ट करायच्या आधी म्हटलं ट्यूबचं काही जमतंय का बघू. आता मे संपत आला, म्हणून पुढचं.

हेड उघडलं. दोन स्क्रू, वर कव्हर, आत तीन रोलर आणि ट्यूबच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचा कॉलर. ट्यूब बाहेर काढली तर रोलर फिरतात तिथे चपटी झालेली, बोटाने दाबली तर परत गोल व्हायला वेळ लावत होती. ऑनलाइन पेरिस्टाल्टिक पंपासाठीचीच ट्यूब फुटावर मिळते, साधी सिलिकॉनची नव्हे, जरा कडक, पिवळसर. तीन फूट घेतली, कंपनीच्या एका हेडच्या निम्म्याहून कमी पैशात, आणि त्यात दहाएक तुकडे निघतील. जुने कॉलर गरम पाण्यात टाकून सैल केले, नव्या ट्यूबवर चढवले, झालं. सिरिंजमध्ये १०.०. रोलरला शिव्या घालत होतो, मोटरला घालत होतो, पण मोटर बिचारी ठणठणीत आहे. एक स्टार तिथे वाढला.

अजून एक स्टार वाढवला असता तो रात्रीच्या डोसमुळे. दिवसभराचा सोडा एकदम न घालता पंप तो रात्री दहा ते सकाळी आठ थोडा थोडा सोडतो, लाइट बंद असताना पीएच पडतो नेमका तेव्हा, आणि कॅल्शियम दिवसा. दोन्ही एकाच वेळी एकाच जागी पडले तर पाण्यात पांढरा भुरका दिसतो, तो कॅल्शियम कार्बोनेट, तुमचेच पैसे हीटरवर आणि टाकीतलं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या पात्यावर जाऊन बसतात. ही वेळापत्रकाची भानगड मला हाताने कधीच जमली नसती. पहाटेचा पीएच आता ७.९ च्या वर असतो. फक्त एक डोस अर्ध्या मिलीपेक्षा लहान ठेवू नका, तेवढ्यात हा पंप धड थेंबही सोडत नाही.

पण सगळा भार पंपावर ठेवायचा नाही हे ठरवलं. निम्मा भार आता चुन्याच्या निवळीवर आहे, ज्याला या हौसेतले लोक काल्कवासर म्हणतात. टाकीतून दिवसाला लिटरभर पाणी उडतं, ते सेन्सरने आपोआप भरणाऱ्या डब्यातच चुना घालायचा. दुकानात लोणच्याच्या बरण्यांशेजारी मिळतो तो पिकलिंग लाइम, खाण्याच्या दर्जाचा, एक पिशवी वर्षभर संपणार नाही. एकाच भुकटीतून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही, आणि कोरलला लागतात त्याच प्रमाणात. लोक पूर्ण मुरलेली निवळी वापरतात, लिटरला दीड ग्रॅम, पण माझ्या ६० लिटरला लिटरभर तसली निवळी म्हणजे दिवसाला जवळजवळ १.९ डीकेएच, टाकी मरेल. मी लिटरला ०.३ ग्रॅमच घालतो, त्यातून ०.४ च्या आसपास मिळतो आणि उरलेला पंप देतो, ९ मिली. ट्यूबही निम्मीच झिजते, हा माझा खरा हेतू! निवळी फार तीव्र असते, पाणी भरणारा सेन्सर अडकला आणि डबाभर एकदम गेली तर पीएच उडेल, त्यामुळे डबाच लहान ठेवलाय. आणि इथे उन्हाळ्यात हवा दमट होते, पाणी कमी उडतं, निवळीही आपोआप कमी जाते, तेव्हा पंपाचा आकडा वर न्यावा लागेल.

आई सध्या आलीये सांगलीहून. मी चुना मोजतोय बघून म्हणाली, लहानपणी तुला निवळी पाजायचे तर थुंकायचास. मग ट्यूबची सगळी कहाणी ऐकून घेतली आणि म्हणाली, चुना तर त्या कंपनीने आधीच लावलाय की तुला.

स्टार तीन. दशांश चिन्ह आलं तर साडेतीन. पाणी बदलण्याच्या मिठाचा केएच मोजायला विसरू नका, कोरल वाढवतं म्हणून विकतात त्यातलं काही मीठ ११-१२ वर बसतं, ७ च्या टाकीत तसलं वीस टक्के पाणी घातलं की एका तासात १ डीकेएचची उडी, मग पंप कितीही बरोबर असो. आणि माझ्यासारखंच हेड असेल तर ट्यूबचं माप आतून ३ मिमी, बाहेरून ५ मिमी. तरी मागवण्याआधी आपलं हेड उघडून जुनी ट्यूब मोजून घ्या, कॉलर तोडू नका, तो कुठेच सुटा मिळत नाही. कॅल्शियमचं हेड अजून मूळ ट्यूबवर आहे, परवा ९.१ आलं, या रविवारी तेही उघडणार.