पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन की डायक्लोफिनॅक: गोळी देणाऱ्याने काय बघायचं?

"सिस्टर, यातली चांगली कुठली?" औषधं वाटताना हे हमखास विचारतात. मी उलट विचारते, पेशंटचं पोट, यकृत, किडनी, हृदय यातलं नाजूक काय आहे? दुखणं तिन्ही गोळ्यांनी कमी होतं. त्रास झालाच तर कुठे होईल, ते मात्र प्रत्येकीचं वेगळं, आणि गोळी त्यावरून ठरते.

ताप, डोकेदुखी, अंगदुखी एवढंच असेल तर पॅरासिटामॉल. ती पोटाला सोसते, रिकाम्या पोटीही चालते. वयस्कर माणूस, गरोदर बाई, अल्सर होऊन गेलेला पेशंट, यांच्यासाठी बहुतेक वेळा तीच आधी. सूज मात्र ती फारशी उतरवत नाही. धडधाकट मोठ्या माणसाला एका वेळी 500 मिलिग्रॅम ते 1 ग्रॅम, दोन डोसांत किमान 4 तास, आणि 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही. वजन 50 किलोच्या आत, रोजची दारू किंवा यकृताचा आजार असेल तर ही मर्यादा डॉक्टर खाली आणतात.

तिचा धोका गुपचूप येतो. एका आजींच्या पिशवीत तीन पाकिटं निघाली: तापाची, सर्दीची, अंगदुखीची. नावं तीन, पण मागची बारीक अक्षरं वाचली तर तिन्हींत पॅरासिटामॉल. 650, 500 आणि 325, म्हणजे एका वेळी 1475 मिलिग्रॅम. दिवसातून तीनदा घेतल्या की 4425. आजींना काहीच होत नव्हतं, आणि तिथेच फसायला होतं. जास्त डोस गेल्यावर पहिला दिवस नुसत्या मळमळीत किंवा त्याशिवायही जातो. यकृताचं खरं नुकसान तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतं. उतारा म्हणून एन-अॅसिटिलसिस्टीन आहे, पण ते पहिल्या 8 तासांत सुरू झालं तर सर्वात उपयोगी. म्हणून डोस जास्त गेल्याची शंका आली की लक्षणांची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

मुरगळलेला घोटा, सुजलेला सांधा, पाळीतलं दुखणं, दात काढल्यानंतरचा ठणका, इथे आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक सरस. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन (शरीरात सूज आणि दुखणं वाढवणारं रसायन) तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे सूज आणि दुखणं उतरतं. अडचण अशी की पोटाचं अस्तर जपणारं आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळणारंही तेच. म्हणून गोळी खाल्ल्यावर द्यायची, आणि पुढचे दिवस शी, लघवी, बीपी, पायावरची सूज यांची चौकशी करायची. शी काळी झाली तर "लोहाच्या गोळीमुळे असेल" म्हणून सोडू नका. लोहाने शी काळपट होते. पोटात रक्तस्राव असेल तर ती डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असते.

किडनीसाठी वाईट तिकडी म्हणजे बीपीची काही विशिष्ट औषधं, लघवीची गोळी आणि वर ही वेदनाशामक. त्यात जुलाब-उलट्यांनी पेशंट कोरडा पडला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. डेंग्यूची शंका असेल, गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील, किंवा अशा गोळीने पूर्वी दमा उसळला असेल, तरीही नाही.

या दोघींत निवडायचं तर हृदयाकडे बघा. हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलेल्याला डायक्लोफिनॅक नको, स्पष्ट नको. मोठ्यांना तिचा दिवसाचा कमाल डोस 150 मिलिग्रॅम. आयब्युप्रोफेन स्वतःहून घेताना दिवसाला 1200 च्या आत राहा, तेही थोडेच दिवस. हृदयासाठी रोज साधी अॅस्पिरिन घेणाऱ्याने आयब्युप्रोफेन आधी घेतली तर ती प्लेटलेटवरची (रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशींवरची) जागा अडवते आणि अॅस्पिरिनचं काम होत नाही. अॅस्पिरिन आधी, आयब्युप्रोफेन निदान अर्ध्या तासाने. मुळात या जोडीने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच.

नुसत्या दुखण्यासाठी अॅस्पिरिन मी सुचवत नाही. एका डोसाचा प्लेटलेटवरचा परिणाम 7 ते 10 दिवस टिकतो, आणि तापातल्या मुलांना रेय सिंड्रोमच्या (मेंदू आणि यकृतावर घाला घालणाऱ्या दुर्मिळ आजाराच्या) धोक्यामुळे ती देतच नाहीत.

गोळी कुठलीही असो, देण्याआधी दुखणं 0 ते 10 मध्ये किती ते विचारून लिहायचं आणि तासाभराने पुन्हा विचारायचं. 8 चा 7 झाला तर आपल्या मनाने डोस वाढवायचा नाही, डॉक्टरांना कळवायचं. ऑपरेशननंतर ताप उतरला तरी पट्टी उघडून जखम बघायचीच; गोळी ताप झाकते, जखमेतला पू नाही.

आणि सत्तरीतला माणूस, बीपीची गोळी चालू, दुखतोय फक्त एक गुडघा? मी आधी डायक्लोफिनॅकचं जेल विचारात घेईन, कारण रक्तात अगदी थोडं जातं. फक्त जेल लावलेल्या गुडघ्यावर गरम पिशवी ठेवायची नाही, आणि लावून झाल्यावर हात धुवायचे.