शिकारीसाठी एटीव्ही घ्यावी का? हंगामभराच्या वापरानंतर

ड्राइव्ह बेल्ट पुन्हा गेला आणि सर्व्हिस सेंटरने पुन्हा तेच ऐकवलं: "बेल्ट हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही." म्हणून लिहायला बसलोय.

गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही. ५०० सीसीच्या आसपासची, फोर-व्हील ड्राइव्ह, एकट्या माणसाने चालवायची एटीव्ही, म्हणजे हँडलने वळवायची, जाड टायरांची, कच्च्या वाटांवरची उघडी चारचाकी आहे एवढं पुरे. सस्पेन्शन, ग्राउंड क्लिअरन्स, रॅकची क्षमता तुम्ही पत्रकात वाचलेली असेलच. परवाना काढून पायी शिकार करणाऱ्या माणसाला या यंत्राचा खरा उपयोग किती, तेवढंच मला सांगायचं आहे.

आधी बेल्ट. बहुतेक एटीव्हींमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती दोन कप्प्या आणि त्यांच्यावरून फिरणारा रबरी बेल्ट यांच्यामार्फत. वेगाप्रमाणे कप्प्यांच्या तबकड्या जवळ येतात, लांब जातात आणि गिअर न बदलता गिअर बदलल्याचं काम होतं. यालाच सीव्हीटी म्हणतात. मोकळ्या वाटेवर ही रचना सुरेख चालते. शिकारीत मात्र गाडी नेमकी तिला न मानवणाऱ्या तऱ्हेने चालवावी लागते: माणसाच्या चालीने, चढावर, मागे ओझं लादून. इतक्या कमी वेगाला कप्पी बेल्टला घट्ट धरत नाही. बेल्ट घसरतो, घसरला की तापतो, तापला की त्याच्या कडा चकचकीत होतात, आणि चकचकीत झालेला बेल्ट आणखी घसरतो. यावरचा उपाय म्हणजे लो रेंज, म्हणजे कमी वेगाचा आणि जास्त ओढीचा वेगळा गिअर. लो टाकली की तेवढ्याच चालीला इंजिन जास्त फिरतं, कप्पी नीट पकडते आणि बेल्ट थंड राहतो. मी ओझं असताना, चढावर आणि चिखलात कायम लोमध्येच चालवतो. पहिल्या दिवसापासून.

मग बेल्ट का गेला? पाण्याने. ओढा ओलांडताना पाणी जेमतेम फूटरेस्टला लागलं होतं, म्हणजे कंपनी सांगते त्या मर्यादेत. पलीकडच्या काठावर चढताना इंजिन गुरगुरलं आणि गाडी जागची हलेना. बेल्टच्या कव्हरमध्ये पाणी शिरलं होतं. अशा वेळी काय करायचं ते माहीत असलेलं बरं: कव्हरच्या तळाशी बूच असतं ते काढून पाणी जाऊ द्यायचं, गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि इंजिन वर-खाली फिरवायचं. कप्पीला पाती असतात, त्यांच्या वाऱ्याने बेल्ट वाळतो. उपाय लागू पडतो. पण विचार करा, पहाट व्हायची आहे, वारा बरोबर आहे, वरच्या कुरणात जनावरं चरताहेत याची खात्री आहे, आणि तुम्ही ओढ्याकाठी उभे राहून इंजिन रेस करताय, वर जळक्या रबराचा वास. त्या खोऱ्यातला तो दिवस तिथेच संपतो. सहलीला आलेल्या माणसाचा असा अर्धा तास जातो, शिकाऱ्याची सकाळ जाते. या एका गोष्टीवर मी एवढा अडून बसलोय ते यासाठी.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, तुम्ही हाय रेंजमध्ये ओझं ओढलं असेल. मी जुना बेल्ट पिशवीत घालून नेला होता, तो काउंटरवर ठेवला. गाडी कुठेतरी रुतलेली असताना थ्रॉटल दाबून धरला, तर कप्पी एकाच जागी फिरते आणि बेल्ट तेवढ्या एका भागात अरुंद होतो. माझा बेल्ट सगळीकडून सारखा चकाकलेला होता. तिथल्याच एका जुन्या मेकॅनिकने व्हर्नियर लावून रुंदी मोजली, कव्हर उघडलं आणि पाणी आत येऊ नये म्हणून बसवलेल्या सीलवरची चीर बोटाने दाखवली. "पाणी इथूनच येतंय, साहेब." सील फुकटात बदलून मिळालं. बेल्टचे पैसे मात्र मला भरावे लागले, आणि ते मला अजून खटकतं. सील तुमचं, चीर तुमची, त्या चिरेतून आलेल्या पाण्याने बेल्ट गेला, तर बेल्ट माझा कसा?

नवीन घेणाऱ्यांना विक्रेते सहसा सांगत नाहीत ती गोष्ट अशी की सगळ्या एटीव्ही बेल्टवर चालत नाहीत. होंडाच्या रँचर, फोरमन, रुबिकॉन या मालिकांत बेल्टच नाही, दातेरी गिअर आहेत. यामाहाच्या ग्रिझलीत बेल्ट आहे, पण तो सतत ताणलेला राहतो आणि पकडण्या-सोडण्याचं काम तेलात बुडालेला वेगळा क्लच करतो, त्यामुळे हळू चालताना बेल्टवर जुलूम कमी होतो. शिकारीसाठी घेत असाल तर अश्वशक्तीच्या आधी हा प्रश्न विचारा. तीनशे-साडेतीनशे किलोच्या गाडीला शिकारीत लागते ती ताकद ५०० सीसीच्या वर्गात भरपूर मिळते. त्याहून मोठं इंजिन घेणं म्हणजे न लागणाऱ्या वेगाचे पैसे मोजणं.

एवढं झाल्यावर मी गाडी विकायच्या बेतात होतो. जाहिरातीसाठी फोटोसुद्धा काढले होते. मग दादाला एल्क मिळाला.

एल्क म्हणजे हरणाच्या कुळातलं थोराड जनावर, पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या वर भरतो. जागेवर सोलून, हाडं काढून नुसतं मांस घेतलं तरी शंभर किलोच्या आसपास होतं, शिवाय शिंगं. हे सगळं पाठीवर न्यायचं तर दोन माणसांना रात्रभर खेपा. त्या दिवशी हवा उबदार होती, आणि उबदार हवेत मांसाला वेळ नसतो. कातडं लवकर काढून मांड्या मोकळ्या केल्या नाहीत तर हाडाजवळचं मांस आतून आंबायला लागतं. आम्ही मांस कापडी पिशव्यांत भरून उताराने वाटेपर्यंत पाठीवर आणलं, ते अंतर थोडंच होतं. पुढची लांबलचक वाट गाडीने. रात्र पडायच्या आत सगळं बर्फाच्या पेट्यांत होतं. दादा आजवर ओझं वाहायच्या पाठीवरच्या चौकटीशिवाय कशालाच हात न लावणारा माणूस, पण पिशव्या उतरवताना म्हणाला, "ही विकू नकोस रे." फोटो काढून टाकले.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: ही गाडी शिकारीला जाण्यासाठी नाही, शिकार आणण्यासाठी आहे. घेणारे बहुतेक जण मनात उलटं चित्र ठेवून घेतात. आतवर जाऊ, जास्त मुलूख पालथा घालू, जास्त जनावरं दिसतील. मुलूख जास्त होतो हे खरं, जनावरं मात्र दिसत नाहीत. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या स्टार्की प्रायोगिक वनात यावर नीट अभ्यास झालेला आहे, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. एटीव्ही, सायकल, पायी माणूस आणि घोडेस्वार यांना रेडिओ पट्टे बांधलेल्या एल्कांच्या वनातून फिरवलं आणि एल्क काय करतात ते टिपलं. चौघांमुळेही एल्क हलले, पण सगळ्यात जास्त वेळ ते चालत राहिले एटीव्हीमुळे, आणि त्यांचं चरणंही तिच्यामुळे कमी झालं. सगळ्यात कमी हलले ते घोड्याला. मला हे पटायला अभ्यासाची गरज पडली नाही, पण ज्यांना "जनावरांना इंजिनाची सवय होते" असं वाटतं त्यांनी याचा विचार करावा. म्हणून मी गाडी कुरणाच्या फार अलीकडे, मध्ये एखादी टेकडी राहील अशी लावतो आणि पुढचं सगळं पायी. अंधार असताना पोचायचं, इंजिन बंद केल्यावर बराच वेळ गप्प बसायचं, मग निघायचं. पेट्रोल भरताना घातलेले हातमोजे गाडीवरच सोडायचे, त्यांचा वास जनावरांना लागतो.

नियमांचंही तसंच. कित्येक ठिकाणी वाहनावरून गोळी झाडणं गुन्हा आहे आणि वाहनावर रायफल रिकामी ठेवावी लागते. रिकामी ठेवणं कुठे बंधनकारक नसलं तरी ठेवाच, खडबडीत वाटेवर भरलेली रायफल घेऊन बसणारा माणूस मला सोबत नको. आणि मुळात गाडी नेता कुठे येते? अमेरिकेत १९६४च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या प्रदेशांत मोटार वाहनाला सर्वसाधारण बंदी आहे. राष्ट्रीय वनांत २००५च्या नियमानंतर अधिकृत नकाशावरच्या वाटांवरच गाडी चालवायची, काही ठिकाणी मारलेलं मोठं जनावर आणण्यापुरती वाट सोडायची मर्यादित मुभा. तुमचा परवाना जिथला आहे तिथला वाहनांचा नकाशा आधी पाहा, मग शोरूममध्ये जा. ज्याच्या भागात वाटा दोनच आहेत त्याला ही गाडी त्या दोन वाटांच्या टोकापर्यंतच नेणार, आणि तिथपर्यंत साधी फोर-व्हील ड्राइव्ह जीपही जाते.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. मागच्या रॅकखाली सायलेन्सर असतो आणि तो रॅकवरच्या मांसाला खालून शेकत राहतो. मी रॅकवर जाड फळी आणि तिच्यावर फोमचा तुकडा बांधून घेतलाय. सगळं वजन मागे टाकू नका. चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी मागे उलटते, पुढच्या रॅकवरही वाटून ठेवा. टायरमधली हवा ५ ते ७ पीएसआय, घरून निघताना साध्या गेजने नव्हे, कमी दाबाच्या गेजने तपासून. विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) असावाच, पण तो ओढत असताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बघता बघता बसते. रायफल रॅकवर उघडी बांधू नका. थरथरीने दुर्बिणीचे स्क्रू सैल होतात, नेम सरकतो, आणि नेम सरकलेल्या रायफलीने जखमी होऊन पळालेलं जनावर ही शिकारीतली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. आतून मऊ असलेल्या केसमध्ये ठेवा आणि लांबचा खडबडीत प्रवास झाला की कागदी निशाणावर गोळी झाडून पाहा.

एका सीटची एटीव्ही म्हणजे एकच माणूस. मागे कुणाला बसवून नेऊ नका. १६ वर्षांखालच्या मुलाच्या हाती मोठ्यांची गाडी देऊ नका. या यंत्रांचा इतिहास दुखापतींनी भरलेला आहे, तीनचाकी एटीव्ही तर १९८८ साली अमेरिकेत कंपन्यांना विकणं थांबवावं लागलं. दोघांनी जायचं असेल तर शेजारी-शेजारी बसायची साइड-बाय-साइड गाडी आहे, पण ती रुंद असते आणि ५० इंची मर्यादेच्या वाटांवर तिच्यातल्या बऱ्याच गाड्या जात नाहीत. घेण्याआधी वाटेची मर्यादा आणि गाडीची रुंदी दोन्ही मोजा.

आता पैशांचं, कारण निर्णय शेवटी तिथेच होतो. हंगाम काही आठवड्यांचा, गाडी वर्षभर उभी. उभ्या गाडीला खर्च नसतो असं ज्यांना वाटतं त्यांनी उभी राहिलेली गाडी पाहिलेली नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन् महिने टाकीत राहिलं की खराब होतं, त्यासाठी स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारं रसायन, घालावं लागतं. बॅटरी चार्जरवर ठेवावी लागते. एअर फिल्टरच्या डब्यात उंदीर घर करतात आणि वायरी कुरतडतात, तोंडाला जाळी लावा. वर विमा, नोंदणी, ट्रेलर आणि ट्रेलर ओढायला पुरेशी ताकदवान गाडी. एवढा सगळा लवाजमा हरणासारख्या लहान जनावरासाठी असेल, तर माझं उत्तर सरळ "घेऊ नका" असं आहे. हरीण एक धट्टाकट्टा माणूस स्लेजवर किंवा दोन चाकांच्या हातगाडीवर ओढत आणतो. ती हातगाडी आवाज करत नाही, तिला बेल्ट नाही, आणि वाहनबंदी असलेल्या वाटांपैकी काहींवर तीही चालते.

एल्क किंवा त्याहून मोठा मूस, लांब पण अधिकृत वाट, उबदार हवेतला हंगाम आणि थकत चाललेली कंबर, हे चारही जुळत असेल तर एटीव्ही उपयोगी आहे. तरीही पहिल्या हंगामाला भाड्याने घ्या. हंगामाआधीच बुक करा, ऐनवेळी मिळत नाही. भाड्याच्या गाडीवरून तुम्हाला कळेल की वर्षातून किती वेळा ती खरोखर लागली.

आम्ही मधला मार्ग काढलाय. दादाने निम्मे पैसे दिले, गाडी आता दोघांच्या नावावर आहे. विमा त्याच्याकडे, देखभाल माझ्याकडे. सुटा बेल्ट, तो बदलायची हत्यारं आणि बूच काढायचा पाना सीटखालच्या कप्प्यात कायम ठेवलेला आहे, आणि बेल्ट कसा बदलायचा ते अंगणात दोघांनीही एकदा करून पाहिलं. जंगलात ते काम शिकायला वेळ नसतो. पुढच्या हंगामात दोघांपैकी कुणालाही मोठ्या जनावराचा परवाना मिळाला नाही, तर गाडी त्याच महिन्यात विकायची असं आमचं ठरलंय, आणि विकताना बदललेल्या सीलचं आणि गेलेल्या बेल्टचं बिल घेणाऱ्याच्या हातात द्यायचं.