चोर बाजारातला रेकॉर्डवाला : माल भारी, पण लेबल नीट बघून घ्या

मटण स्ट्रीटवरच्या एका रेकॉर्डवाल्याबद्दल लिहितोय, नाव मुद्दामच देत नाहीये. आधी चांगलं सांगतो. लाखेच्या ७८ आरपीएमचा (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या) एवढा माल मी तरी मुंबईत एका जागी बघितला नाही, एचएमव्ही, कोलंबिया तर आहेतच पण ओडियन आणि आपल्या मुंबईच्या यंग इंडिया कंपनीच्यापण तबकड्या आहेत, नाट्यपदं वेगळी काढून ठेवलीयत आणि मालक कटकट न करता वाजवून दाखवतो. एलपींचे भाव मात्र वाट्टेल ते.

आता जे खटकलं ते. बऱ्याच तबकड्यांच्या लेबलवर कुठल्यातरी रेडिओ स्टेशनच्या लायब्ररीचा शिक्का आणि शाईने घातलेला नंबर, काहींवर तर तो ब्लेडने खरवडलाय. आणि हा माणूस ते लपवत नाही हो, उलट 'साहेब रेडिओ कॉपी आहे' म्हणून दुप्पट भाव सांगतो. त्यात तथ्य आहे म्हणा, घरच्या चावीच्या ग्रामोफोनची लोखंडी सुई आणि ती धरणारा जड साउंडबॉक्स तबकडीच्या खाचा पार खाऊन टाकतात, या मात्र स्वच्छ वाजतात. एक 'सिलोनची', म्हणजे कोलंबोच्या रेडिओ सिलोनची, म्हणून दाखवली. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास गेलीच आणि सगळे कोलंबो लावायला लागले, बिनाका गीतमाला त्याच वर्षीची, विविध भारती यायला १९५७ उजाडलं, त्यामुळे सिलोन म्हटलं की आपल्याकडची जुनी मंडळी पाकीट काढतात हे त्याला बरोबर माहितीय. शिक्का इतका पुसट की सिलोन सोडा, एक अक्षर वाचता येत नव्हतं.

शिक्का म्हणजे चोरीच असं नाही, डुप्लिकेट किंवा तडकलेला माल लायब्ररी रीतसर काढूनपण टाकते, पण मग रद्द केल्याची काहीतरी खूण, कागद हवा ना. विचारलं तर म्हणे लॉटमध्ये आलं. लॉट कुठून? भंगारवाल्याकडून. पुढे चहा मागवला आणि विषय बदलला.

बाजारात विकल्या गेलेल्या रेकॉर्डची दुसरी कॉपी निदान कुणा संग्राहकाकडे सापडू शकते, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सवाली मंडळी १९९० पासून त्याच मागे आहेत. पण स्टेशनने स्टुडिओत स्वतः केलेलं ध्वनिमुद्रण बाजारात आलेलंच नसतं, बहुतेक वेळा ती एकच टेप. आणि या दुकानात मागच्या फळीवर टेपची रिळं, म्हणजे स्पूलपण पडलेत, डबीवर फक्त रागाचं नाव आणि तारीख, गाणारा कोण पत्ता नाही. वाजवायला मशीन नाही त्यामुळे त्यांना गिऱ्हाईक नाही, बुरशी लागायला लागलीय. भाव सांगितला तो रिकाम्या डबीचा!

मी बिनशिक्क्याच्या यंग इंडिया घेतल्या, खूश आहे. पाचपैकी तीन. शुक्रवारी जाऊ नका, दुकान बंद असतं आणि रस्त्यावर जुम्मा बाजाराची गर्दी. घासाघीस चालते. ओडियनचा गठ्ठा खालच्या कप्प्यात आहे, मागितल्याशिवाय काढत नाही.